अकरा ऑस्कर आणि नऊ बोटं

आमच्या वाचनालयाच्या बालविभागासाठी पुस्तकं निवडायला आम्ही पाच जण बसलो होतो. यादीत टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड आणि सी. एस. लुईसची नार्निया मालिका होती. निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हे दोघेही पक्के ख्रिस्ती लेखक. मुलांच्या हातात प्रचार कशाला द्यायचा?” शेजारी बसलेल्या इंजिनिअर तरुणाने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. “अहो गुरुजी, परीकथा आहेत त्या. कसला धर्म आणि कसलं काय! आणि त्या ‘रिंग्ज’च्या सिनेमाला अकरा ऑस्कर मिळालेत, अकरा!” त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, “ऑस्करचं काय घेऊन बसलास, सगळा पैशाचा खेळ आहे तो.” अर्धा तास हेच चाललं. चहा गार झाला आणि यादी होती तिथेच राहिली.

मला त्या अर्ध्या तासात खटकलं ते हे, की दोन वेगळे वाद एकाच चुकीवर चालले होते. पुस्तकात धर्म आहे की नाही हे ठरवायला दोन्ही बाजू खुणा शोधत होत्या. एकाला त्या दिसत होत्या, दुसऱ्याला दिसत नव्हत्या. पुरस्काराला किंमत आहे की नाही हे ठरवायला दोन्ही बाजू ऑस्करच्या सगळ्यात मोठ्या बाहुलीकडे बोट दाखवत होत्या. माझं मत असं : अद्भुतकथेतला धर्म शोधायचा तर कथा शेवटी काय निवाडा करते ते बघावं. जग कशामुळे वाचतं? माफी कुणाला मिळते? कुणाला दाराबाहेर ठेवलं जातं? धर्म तिथे असतो, आणि तिथे तो असला म्हणून कथा नासत नाही. उलट पुष्कळदा त्याच्याच जोरावर ती उभी असते. सिनेमाच्या पुरस्कारांनाही किंमत आहे, पण ती ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ या शिक्क्यात जवळपास नाही. ती वेशभूषा, संकलन अशा खालच्या वर्गांत आहे, जे जाहीर होत असताना आपण पाणी प्यायला उठतो.

गुरुजींचं पहिलं वाक्य खरं आहे, हे आधी कबूल करायला हवं. टॉल्किनने १९५३ च्या डिसेंबरात रॉबर्ट मरे या जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघातल्या, मित्राला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे. आधी ते नकळत झालं, फेरलेखनात मात्र जाणूनबुजून. त्यामागे आयुष्यही तसंच होतं. त्याची आई मेबल १९०० साली कॅथलिक झाली, तेव्हा माहेरच्यांनी मदतीचा हात काढून घेतला. १९०४ मध्ये ती मधुमेहाने गेली. बारा वर्षांच्या टॉल्किनला आणि त्याच्या धाकट्या भावाला फादर फ्रान्सिस मॉर्गन या पाद्र्याने वाढवलं. आईने धर्मासाठी जीव दिला अशीच टॉल्किनची कायमची भावना होती. असा माणूस लिहायला बसला, तर त्याचा धर्म बाहेर चपलांजवळ ठेवून आत येईल का? ‘कसला धर्म आणि कसलं काय’ म्हणणाऱ्या तरुणाने या पत्राकडे पाठ फिरवून चालणार नाही.

पण त्याच पत्रात पुढे तो काय म्हणतो ते गुरुजींच्या बाजूचे लोक सांगत नाहीत. म्हणूनच, तो म्हणतो, मी त्या काल्पनिक जगातून धर्म, उपासना, विधी यांचे जवळजवळ सगळे उल्लेख गाळले. ‘म्हणूनच’ हा शब्द महत्त्वाचा. त्या तीन खंडांत देऊळ नाही, पुजारी नाही, पोथी नाही; जेवणाआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर उभं राहण्यासारखी एखादी गोष्ट सोडली तर उपासना म्हणून काही नाही. श्रद्धाळू माणसाने आपल्या सगळ्यात मोठ्या पुस्तकातून श्रद्धेची सगळी खूण पुसून टाकली. छांदोग्य उपनिषदातला उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, ते मीठ आण बघू. मीठ काही सापडत नाही. मग तो म्हणतो, वरून चाख, मधून चाख, तळाशी चाख. टॉल्किनने धर्माचं हेच केलं, आणि आपण मात्र पाण्यात हात घालून खडे चाचपत बसलोय.

खडे नाहीतच असंही नाही. शोधणाऱ्यांना काहीच मिळत नसतं तर हा वाद इतकी वर्षं टिकला नसता. जी दुष्ट अंगठी नष्ट करण्यासाठी सगळी कथा चालते, ती नष्ट होते २५ मार्चला. येशूच्या गर्भधारणेची वार्ता मरियेला मिळाली तो हा परंपरेने मानलेला दिवस, आणि जुन्या समजुतीप्रमाणे क्रूसावरच्या मृत्यूचाही. नऊ जणांची टोळी मोहिमेवर निघते ती २५ डिसेंबरला. एल्फांची लेम्बास ही पोळीसारखी शिदोरी पोट भरण्यापेक्षा मनाला बळ देते, आणि तिच्यात प्रभुभोजनाची भाकर दिसली तर तो वाचकाचा भ्रम नाही. टॉल्किनलाही ते साम्य मान्य होतं. पण हा हिशेब करायचाच तर पुरता करू. गँडाल्फ या जादूगाराचं नाव आणि बहुतेक बुटक्यांची नावं ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातून उचललेली आहेत, जे काव्य ओडिन आणि त्याच्या देवकुळाचं आहे. मोठ्या काठाची टोपी, हातात काठी, गावोगाव भटकणारा म्हातारा ही ओडिनचीच स्वारी. फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्याचं ऋण टॉल्किनने स्वतः सांगितलंय. खुणाच मोजायच्या तर बेरजेत येशू मागे पडतो आणि ओडिन पुढे जातो. मग हा ओडिनचा प्रचार म्हणायचा का?

आता निवाड्याकडे येऊ, आणि इथे थोडं थांबू, कारण माझी सगळी मदार या एका प्रसंगावर आहे. फ्रोडो नावाचा एक लहानखुरा, साधा हॉबिट हजारो अडचणींतून ती अंगठी आगीत टाकायला ज्वालामुखीच्या काठापर्यंत नेतो. शेवटच्या पावलावर तो हरतो. अंगठी टाकत नाही, बोटात घालतो आणि ‘ही माझी’ म्हणतो. मागावर असलेला गोलम, याच अंगठीपायी सडलेला जीव, त्याच्यावर झडप घालतो, अंगठीसकट त्याचं बोट दातांनी तोडतो, आनंदाने नाचतो, नाचताना त्याचा पाय घसरतो आणि तो अंगठीसह आगीत पडतो. जग वाचतं. कुणामुळे? नायकामुळे नाही, तो तर हरला. गोलम त्या क्षणी जिवंत होता म्हणून. आणि तो जिवंत का होता? कित्येक वर्षांपूर्वी, अंगठी फ्रोडोआधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोची तलवार त्याच्यावर उगारली गेली होती आणि कीव येऊन ती खाली आली. पुढे फ्रोडोनेही त्याला सोडलं. आणि अगदी शेवटी, त्या डोंगरावर, फ्रोडोचा सोबती सॅम यानेही, ज्याला तो डोळ्यांसमोर नको होता. तीन वेळा कुणीतरी दया दाखवली, तिन्ही वेळा ती व्यवहाराच्या दृष्टीने मूर्खपणाची होती, आणि नंतर सगळं त्या मूर्खपणावर तरलं.

हा निवाडा धार्मिक आहे. माणूस आपल्या बळावर तरत नाही, पण त्याने केलेली दया वाया जात नाही. पराक्रम अपुरा पडतो तिथे कृपा काम करते. टॉल्किनच्या मनात तो ख्रिस्ती होता यात शंका नाही. पण माझ्यासारख्या, लहानपणापासून पसायदान म्हणत आलेल्या बाईला हा प्रसंग वाचताना ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ आठवतं. खळ मरोत असं ज्ञानदेव मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावो असं मागतात. दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाही. गोलमचा वाकडेपणा काही शेवटपर्यंत जात नाही, आणि कॅथलिक कृपा व वारकऱ्यांची कृपा यांत फरक करायला शिकलेली माणसं आपल्याकडे आहेत. माझा मुद्दा एवढाच की तो निवाडा मला पटण्यासाठी मला आधी बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही. प्रचाराची हीच कसोटी मी मानते : आधी संप्रदायात या, मग कथा कळेल, असं कथा म्हणते का?

या कसोटीवर लुईस कुठे बसतो? इथे गुरुजींना खरी बाजू सापडते, आणि ती मी झाकणार नाही. १९३१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डच्या एका कॉलेजातल्या पायवाटेवर टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत फिरत बोलल्यावर लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला, आणि नव्याने वळलेल्या माणसाचा उत्साह त्याच्यात शेवटपर्यंत राहिला. नार्नियातला अस्लान हा सिंह गुन्हेगार मुलाच्या बदल्यात मरतो आणि पहाटे जिवंत होतो. यातून काय सुचवायचंय हे ओळखायला संशोधन लागत नाही. पण खरी अडचण तिथे नाहीच. अडचण शेवटच्या पुस्तकात आहे. १९५६ सालच्या त्या पुस्तकात सावळ्या कातडीचे, पागोटी घालणारे, वाकड्या तलवारी बाळगणारे कॅलोर्मेनी लोक टॅश नावाच्या देवाला भजतात, आणि तो देव गिधाडाच्या डोक्याचा सैतान निघतो. पहिल्या पुस्तकातल्या मुलांपैकी एक, सूझन, मोठी झाल्यावर लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांच्या आमंत्रणांत रमली म्हणून नार्नियाची राहत नाही. मुंबईत किंवा मालेगावात बसून हे वाचणाऱ्या मुलाला, मुलीला, या कथेच्या दारात कुठे उभं राहायचं? फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाने १९९८ साली नार्नियावर कडाडून टीका केली तेव्हा त्याचा राग याच निवाड्यांवर होता, आणि माझ्या मते तो रास्त होता.

तरीही मी नार्निया यादीतून काढणार नाही. कारण त्याच शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा एक कॅलोर्मेनी शिपाई आहे. त्याने आयुष्यभर प्रामाणिकपणे टॅशची सेवा केली, आणि अस्लान त्याला म्हणतो की तू चांगुलपणाने जे केलंस ते माझ्याच खाती जमा आहे. लुईसच्या धर्मबांधवांपैकी काहींना आजही हे पान खुपतं. (आपल्याला त्यात ‘इतर देवांना भजणारेही मलाच भजतात’ हा गीतेतल्या नवव्या अध्यायाचा सूर ऐकू येतो, आणि इथेही दाता एकच, देव आपलाच, हा वडीलकीचा आव तेवढाच खुपायला हवा; असो.) शिवाय पहिल्या पुस्तकात दगडी मेजावर अस्लान मरून पडलेला असताना उंदीर येतात आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या कुरतडायला लागतात. सूझनला आधी किळस येते, मग दोघी बहिणींना कळतं ते काय करताहेत. तो मेलाय हे त्या बिचाऱ्या उंदरांच्या लक्षात आलेलं नाही. इथे शिकवण कुठली? इथे फक्त लेखक आहे, त्याच्या हातून शिकवणीची छडी गळून पडलेली.

महानुभावांच्या दृष्टांतपाठात केसोबासांनी प्रत्येक ठिकाणी तीन भाग केले : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक. आधी चक्रधरांचं वचन, मग गोष्ट, मग त्या गोष्टीचा अर्थ. आपण शतकानुशतकं अशा गोष्टी ऐकत आलोय, म्हणून गोष्ट दिसली की हात आपोआप दार्ष्टान्तिकाकडे जातो. आंधळे आणि हत्ती यांच्या गोष्टीला ते शोभतं, ती त्यासाठीच सांगितलेली आहे. लुईस अर्धाअधिक दृष्टांतवाला आहे, जरी तो स्वतः ‘समजा असं एक जग असतं तर’ एवढंच आपण केलं असं म्हणायचा. टॉल्किन मात्र रूपककथेचा मनापासून तिटकारा असलेला माणूस. वाचकाने आपल्या अनुभवाशी गोष्ट जोडून पाहावी, लेखकाने ती जुळणी लादू नये, असं त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवलं. त्याच्या गोष्टीला दार्ष्टान्तिक जोडणं म्हणजे शिवलेल्या कपड्याला पुन्हा टाचण्या लावणं.

गुरुजींना एक प्रश्न विचारायचा राहून गेला. मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा ‘स्पिरिटेड अवे’ हा ॲनिमेशनपट आपण याच वाचनालयात मुलांना पडद्यावर दाखवला होता, तेव्हा कुणी हरकत का घेतली नाही? त्यात तर देवच देव आहेत. शिंतो परंपरेतले नाना देव तिथे अंघोळीला येतात. एक चिखलाने बरबटलेला, दुर्गंधी येणारा पाहुणा येतो. चिहिरो ही छोटी नायिका त्याच्या अंगात रुतलेलं काहीतरी ओढते, तर सायकल निघते, आणि मागोमाग आख्खा उकिरडा. तो नदीचा देव असतो. आमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. अर्सुला ले ग्विनच्या अर्थसी मालिकेत जादूगाराला आधी शिकवतात ते हे, की एक खडा बदललास तरी जगाचा तोल हलतो. लेखिका आयुष्यभर लाओत्सेची वाचक, पुढे तिने ‘ताओ ते चिंग’ इंग्रजीत आणलं. यालाही कुणी ताओवादी प्रचार म्हणत नाही. आपल्या घरात प्रल्हाद आणि ध्रुव सांगताना तर धर्म हा शब्दही मनात येत नाही, त्या नुसत्या ‘गोष्टी’ असतात. म्हणजे ज्या धर्माची भीती वाटते त्याच्या खुणा तेवढ्या दिसतात. परक्या धर्माच्या खुणा जादू वाटतात आणि आपल्या धर्माच्या खुणा हवेसारख्या, असून नसल्यासारख्या.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २००१ साली न्यू मेक्सिकोतल्या एका चर्चने हॅरी पॉटरची पुस्तकं जाहीरपणे जाळली, ती चेटूक शिकवतात म्हणून. मग २००७ साली सातवं पुस्तक आलं. हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातली ओळ, त्याचे मुख्याध्यापक डंबलडोर यांच्या आई-बहिणीच्या थडग्यावर मत्तयाच्या शुभवर्तमानातली, आणि शेवटी इतरांसाठी मरणाला सामोरा जाऊन परत येणारा नायक. तीच मालिका आता काही चर्चमध्ये प्रवचनाला घेतात. पुस्तकाचं एक अक्षर बदललं नव्हतं. जाळणाऱ्यांनी कांड्या आणि झाडू पाहिले होते, निवाडा पाहिलाच नव्हता.

आणि धर्म खरवडून काढला तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. पुलमनची ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही त्रयी म्हणजे मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या ख्रिस्ती महाकाव्याशी घातलेलं भांडण, देवाच्या नावाने चाललेल्या सत्तेविरुद्ध मुलं उभी राहतात, हेच तिचं बीज. २००७ साली पहिल्या खंडावर ‘द गोल्डन कंपास’ हा सिनेमा आला. अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली होती, निर्मात्यांनी आधीच चर्चचे सगळे संदर्भ बोथट केले होते. परिणाम काय झाला? श्रद्धाळू खूश झाले नाहीत, वाचक चिडले, आणि सिनेमात खलनायक नेमके कशासाठी खलनायक आहेत तेच कळेना. पुढचे भाग निघालेच नाहीत. धर्माविरुद्ध लिहिलेल्या कथेतूनही धर्म काढता येत नाही. कणाच निघून येतो.

त्या सिनेमाला ऑस्कर मात्र मिळालं. दृश्य परिणामांसाठी, म्हणजे मुख्यतः चिलखत घातलेल्या अस्वलांसाठी.

यावर हसणं सोपं आहे, आणि कोपऱ्यातल्या आमच्या मित्राने हसून घ्यावं, त्याच्याकडे दारूगोळा भरपूर आहे. ‘सिटिझन केन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं नाही. हिचकॉकला दिग्दर्शनाचं कधीच मिळालं नाही. क्यूब्रिकला आयुष्यात एकच मिळालं, तेही दृश्य परिणामांचं. हॅरी पॉटरच्या आठ सिनेमांना मिळून बारा नामांकनं आणि एकही पुरस्कार नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची स्थापनाच १९२७ साली एमजीएम या स्टुडिओच्या लुई बी. मेयरच्या पुढाकाराने झाली, आणि त्यामागे कामगार संघटनांना दूर ठेवण्याचा हिशेब होता. प्रचारावर स्टुडिओ पाण्यासारखा पैसा ओततात. सगळ्यात कडी म्हणजे, अंतिम मत देण्याआधी त्या वर्गातले सगळे सिनेमे बघितलेच पाहिजेत, हा नियम अकादमीने सगळ्या वर्गांना लावला २०२५ साली. म्हणजे त्याआधी शंभराच्या आसपास वर्षं बहुतेक वर्गांत ते सक्तीचं नव्हतं! शाळेत असा परीक्षक असता तर पालकांनी मोर्चा काढला असता.

पण हे सगळं मान्य करूनही ‘म्हणून पुरस्कार निरर्थक’ हा निष्कर्ष निघत नाही. स्पर्धा आणि नाटक यांची सांगड हॉलिवूडने घातलेली नाही. प्राचीन अथेन्समध्ये ती डायोनायसस या देवाच्या उत्सवात घातली गेली. म्हणजे धर्म, कल्पित कथा आणि बक्षीस हे तिन्ही एकाच मांडवात होते. दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडत आणि त्यांच्या मतांपैकी काहीच बाहेर काढत, उरलेलं देवाच्या हवाली. इसवीसनपूर्व ४३१ मध्ये युरिपिडिसची ‘मेडिया’ तिथे तिसरी, म्हणजे शेवटची आली. सोफोक्लिसचा ‘ईडिपस’ हरला आणि एस्किलसचा भाचा फिलोक्लिस जिंकला. फिलोक्लिसचं एकही संपूर्ण नाटक आज उरलेलं नाही. परीक्षक चुकले? चुकलेच. पण कोणत्या वर्षी कुणी काय सादर केलं, कुणाचा कितवा क्रमांक आला, याच्या नोंदी झाल्या, अॅरिस्टॉटलने त्या संकलित केल्या, म्हणूनच आज आपल्याला त्यांची चूक दाखवता येते. बक्षिसाचा पहिला उपयोग हा : ते दप्तर ठेवतं. निकाल चुकीचा असला तरी नोंद खरी असते.

दुसरा उपयोग आपल्या भरताने सांगून ठेवलाय. नाट्यशास्त्रात प्रयोगाचं यश ठरवायला जे प्राश्निक, म्हणजे परीक्षक, सांगितले आहेत, त्यांत यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, धनुर्धर, चित्रकार, गायक आणि गणिकाही आहे. नाटकातल्या शस्त्रविद्येवर धनुर्धराने बोलावं, शृंगारातल्या वागण्यावर गणिकेने. आख्ख्या नाटकावर एकाच माणसाने शिक्का मारावा ही अपेक्षाच नाही. ऑस्करच्या बहुतेक वर्गांतली नामांकनं याच तत्त्वावर ठरतात : वेशभूषाकार वेशभूषाकारांना नामांकित करतात, संकलक संकलकांना. अंतिम मत मात्र सगळे देतात, आणि घोळ तिथे होतो. म्हणून मी दरवर्षी विजेत्यांपेक्षा नामांकनांची यादी जपून ठेवते. आणि गंमत म्हणजे १९२९ च्या पहिल्या सोहळ्यात अकादमीने सर्वोच्च पुरस्कारही दोन ठेवले होते. ‘विंग्ज’ला उत्कृष्ट निर्मितीसाठी आणि मुर्नाऊच्या ‘सनराइज’ला अनन्य, कलात्मक चित्रपटासाठी. पुढच्याच वर्षी दुसरा वर्ग बंद केला. एका मापाने सगळं मोजता येत नाही हे ज्यांना पहिल्या दिवशी कळलं होतं, ते दुसऱ्या वर्षी विसरले.

खालच्या वर्गांची किंमत कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. भानू अथय्या, माहेरच्या राजोपाध्ये, कोल्हापुरात जन्मल्या आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलोंबरोबर १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. तो सिनेमा डोळ्यांसमोर आणा. सूट घातलेला बॅरिस्टर, मग काठियावाडी पेहराव, मग पंचा. माणूस एकेक कपडा उतरवत जातो आणि त्याचं वजन वाढत जातं. त्या माणसाच्या धर्माबद्दलचं सगळ्यात प्रभावी विधान त्या सिनेमात संवादांनी नव्हे, कापडाने केलंय. तो वर्ग नसता, तर हे कुणाच्या हातचं काम आहे हे आपण विचारलं तरी असतं का? अथय्यांनी २०१२ मध्ये ती बाहुली अकादमीकडे परत पाठवली, आपल्या मागे ती नीट सांभाळली जावी म्हणून. हाताने काम करणाऱ्या बाईला दप्तराचं मोल बरोबर कळलं होतं.

आता त्या अकरा ऑस्करांकडे. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ २००४ च्या सोहळ्यात अकरा नामांकनं घेऊन गेला आणि अकराच्या अकरा घेऊन आला; ‘बेन-हर’ आणि ‘टायटॅनिक’ यांच्या बरोबरीने. (‘बेन-हर’ची मूळ कादंबरी ‘ख्रिस्ताची कथा’ असं उपशीर्षक मिरवणारी, पण १९५९ च्या त्या सिनेमात येशूचा चेहरा एकदाही दिसत नाही, दिसतो तो पाणी पाजणारा हात. त्या दिग्दर्शकाला मिठाची गोष्ट ठाऊक होती.) अकरापैकी एक ऑस्कर वेशभूषेचं होतं. सैनिकांच्या अंगावरची जाळीदार चिलखतं वेलिंग्टनच्या कार्यशाळेत प्लास्टिकची कडी एकेक करून हाताने ओवून केलेली होती, आणि त्या पुरस्काराबद्दल माझी काडीची तक्रार नाही. एक ऑस्कर रूपांतरित पटकथेचं होतं, आणि त्याच्याबद्दल आहे. ज्वालामुखीच्या काठावर सिनेमात गोलमचा पाय आपोआप घसरत नाही. बोट तुटलेला फ्रोडो उठतो, पुन्हा त्याच्यावर तुटून पडतो, झटापटीत दोघेही कड्यावरून जातात, फ्रोडो कसाबसा लोंबकळतो. पडद्यावर ते जास्त थरारक आहे, हे मान्य. पण जग आता दयेने वाचत नाही, झटापटीने वाचतं. कथेचा निवाडाच फिरला, आणि सर्वोत्कृष्ट रूपांतराचा शिक्का नेमका त्यावर बसला.

तरी तो सिनेमा मला अधार्मिक वाटत नाही, याचं कारण गोलमचा चेहरा. तो जीव किळसवाणा आहे आणि तरी त्याला मारू नये असं आपल्यालाही वाटतं. ते वाटलं नाही तर टॉल्किनचं अख्खं पुस्तक कोसळतं. ते वाटायला लावलं अँडी सर्किस या नटाच्या देहाने आणि आवाजाने, ज्यावर नंतर संगणकावर कातडी चढवली गेली. तिन्ही भागांना दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. सर्किसला अभिनयाचं साधं नामांकनही नाही, कारण असल्या कामासाठी अकादमीकडे रकानाच नव्हता. कथेचा सगळा धर्म ज्याच्या खांद्यावर उभा होता, त्याचं नाव दप्तरात चढलंच नाही. माझी पुरस्कारांविरुद्धची खरी तक्रार ही आहे, आणि तिच्यावरचा उपाय पुरस्कार बंद करणं हा नाही, रकाने वाढवणं हा आहे.

यातलं थोडंफार मी त्या दिवशी बोलून दाखवलं. तरुण मोबाइलवर तो प्रसंग शोधायला लागला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, पण तो गोलम शेवटी सुधारतो का?”

“नाही, गुरुजी.”

“पश्चात्ताप?”

“एकदा होता होता राहतो. सॅम त्याला वाकडं बोलतो आणि ती वेळ जाते.”

“मग ज्याच्यावर दया केली, त्याला तिचा काय उपयोग झाला?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. यादी मंजूर झाली, दोन्ही मालिकांसकट. पुस्तकं आली त्या दिवशी गुरुजी स्वतः वाचनालयात आले आणि पहिले दोन खंड तसेच ठेवून तिसरा घरी घेऊन गेले.